एकच कोळंबी

कुणी गेलं नव्हतं.
काही घडलंही नव्हतं.
एका रविवारी पाणी बदलायचं राहिलं,
मग पुढच्या.
मग टाकीच्या झाकणावर वर्तमानपत्रं आली,
इस्त्रीचे कपडे, लग्नपत्रिका, कुणाचं तरी हेल्मेट,
आणि सहा वर्षं.

आज हेल्मेट उचललं.
काचेच्या कडेनं मीठ चढलेलं,
पांढरं, कुरकुरीत, वायरवरून थेट बटणापर्यंत,
जणू समुद्र घर सोडून निघाला होता
आणि जिन्यातच दिवे गेले.
आत अर्धी टाकी पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
(सहा वर्षांत आटायला हवं होतं.
तेव्हा सुचलं नाही.)
मी नाकाला पदर लावला नाही.
वास माझाच होता.

माहीमला राहते मी.
समुद्र खिडकीतून दिसत नाही,
ऐकू येतो, तोही रात्री ट्रक थांबले तर.
पण त्याचं पाणी चालत नाही.
‘त्यात मिठी मिसळते, ताई,’
कुर्ल्याच्या दुकानातून सिराज म्हणाला,
टांगलेल्या पिशव्यांतल्या माशांमागून,
आणि बादलीभर परदेशी मीठ पुढं सरकवलं.
मग मी समुद्र विकत घेऊन
रिक्षानं समुद्राकडे परत आले.
दोनशे दहा रुपये मीटर.

पाणी गाळून थेंब थेंब जमवलं, तीन रात्री.
फिल्टरनं नाकारलेल्या पाण्यात
फरशी पुसली, गॅलरी धुतली,
दस्तूरबाईंच्या कुंड्या भरल्या, तरी उरलंच.
मीठ, ढवळणं, माप. पुन्हा मीठ.
एक पूर्णांक शून्य दोन पाच:
विसरलेला फोन नंबर बोटांना आठवावा
तसा काटा तिथं येऊन थांबला.

‘आता काहीतरी सडू द्या,’ सिराज म्हणाला.
‘एक कोळंबी टाका आणि हात लावू नका.
आधी विष होईल. मग विष खाणारे होतील.
मग त्यांनी केलेलं विष खाणारे.
महिनाभर मासा आणायचा नाही.
आणलात तर तो तुमच्या नावानं मरेल.’

बाजारात चांगुणानं कोयता हवेतच थांबवला.
‘एकच?’
‘एकच.’
‘पाहुणा का मांजर?’
‘समुद्र,’ मी म्हणाले.
तिनं ढीग चाळून एक निवडली, पैसे घेतले नाहीत.
‘त्याला आमच्याकडनं सांग,
हल्ली बोंबील फार बारीक देतोय.’

मग नळ्यांचे दिवस.
सातव्या दिवशी नळी गर्द हिरवी,
सोळाव्या दिवशी जांभळी,
घरात कुणी विचारलं तर मी म्हणायची, ‘सडतंय, छान चाललंय.’
काचेवर तपकिरी धूळ आली, मी पुसली,
ती परत आली, मी पुसली नाही.

पंचविसाव्या दिवशी जुन्या दगडाखाली
नखाएवढं काहीतरी,
पारदर्शक, बोटं पसरलेलं.
नवं नव्हतं. त्याचा बुंधा जाड होता.
सिराजनं फोटो पाहिला. ‘हे तण आहे, ताई.
टाकीभर पसरतं. लिंबाचा रस सुईनं टोचा.’

मी सुई उकळली. लिंबू कापलं.
शेवंता भांडी घासता घासता म्हणाली,
‘त्याला मारताय? त्यालाच तर मी पाणी घालायचे.’
कधी?
‘रोज. निघताना एक तांब्या.
तुम्ही बघत नव्हता, म्हटलं आटेल.’

सहा वर्षं. सुट्टीचे दिवस सोडून.
मी सुई हातात धरून उभी.
काचेपलीकडे ते माझ्या सावलीनं मिटलं,
मी बाजूला झाले
तसं एक एक बोट उघडत गेलं,
घाई न करता.

शेवंतानं पदराला हात पुसले,
तांब्या भरला, आणि माझ्याकडे बघत थांबली,
घालू का, अशी.

लिंबू रात्री वरणावर पिळलं.